समुद्राचें गोडें पाणी

माघ-फाल्गुनांत उरण, पेण किंवा वसईच्या बाजूस जाणाऱ्या प्रवाशाला मिठागरांचे चौकोनी वाफे दूरवर चकाकतांना दिसतात. भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें, तें एका वाफ्यांतून दुसऱ्यांत उतरवीत न्यावयाचें, आणि उन्हानें तें आटलें म्हणजे तळाशीं जमलेलें मीठ ओढून काठावर रास घालावयाची, हा तेथील आगरी लोकांचा पिढीजात धंदा. या धंद्यांत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जेवढें मीठ हातीं लागतें त्याच्या सुमारें तीसपट वजनाचें पाणी वाफ होऊन वर निघून जातें, आणि तें पाणी निखळ गोडें असतें. मिठागराच्या मालकाला मीठ हवें असतें. गेलेल्या पाण्याचा हिशेब तो ठेवीत नाहीं.

समुद्राचें पाणी गोडें करणें म्हणजे हाच धंदा उलट बाजूनें करणें होय: मीठ टाकावयाचें आणि पाणी राखावयाचें. पृथ्वीवरील सुमारें सत्त्याण्णव टक्के पाणी समुद्रांत आहे, शहरें वाढत आहेत, नद्या त्यांना पुरेनाशा झाल्या आहेत. तेव्हां सर्वांचे डोळे समुद्राकडे लागावे यांत नवल नाहीं. एवढा समुद्र उशाशीं असतां मुंबईनें किंवा चेन्नईनें तहानलेलें कां राहावें, हा प्रश्न प्रत्येक अवर्षणांत विचारला जातो. प्रश्न भाबडा नाहीं. त्याचें उत्तर मात्र बरेंचसें विजेच्या मीटरावर लिहिलेलें असतें. आणि तें वाचावयाचें तर मीठ व पाणी यांचें सख्य किती घट्ट आहे, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यांत ते लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षां अधिक नसावे, आणि दुसरें पाणी मिळतच नसेल तर फार तर दोन ग्रॅमपर्यंत चालावे, असें भारतीय मानक सांगतें. समुद्राचें पाणी प्याल्यानें तहान भागत नाहीं, उलट वाढते. कारण तेवढें मीठ शरीराबाहेर टाकण्यास मूत्रपिंडांना प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावें लागतें. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली म्हणजे माती खालीं बसते. दुहेरी फडक्यानें केरकचरा अडतो. मिठावर या दोहोंचाहि इलाज चालत नाहीं. मातीचा कण पाण्यांत नुसता तरंगत असतो. मीठ विरघळलेलें असतें, म्हणजे त्याचा प्रत्येक विद्युद्भारित कण पाण्याच्या रेणूंनीं चहूंकडून वेढलेला असतो. हा वेढा सोडविण्यास कष्ट पडतात, आणि ते कष्ट कोणत्या तरी इंधनाला करावे लागतात.

सर्वांत जुना मार्ग उष्णतेचा. समुद्राच्या पाण्याची वाफ गोडी होते, हें ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें सवादोन हजार वर्षांपूर्वींच नमूद करून ठेविलें आहे. आणि सूर्य सागरांतून पाणी उचलून मेघांच्या हवालीं करतो, ही कल्पना आपल्याकडील कवींनाहि अपरिचित नव्हती. अडचण आहे ती उष्णतेच्या प्रमाणाची. चुलीवरच्या आधणाला उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून अधिक उष्णता तें आधण सबंध आटविण्यास लागते. म्हणूनच बासुंदी आटवितांना आचारी घामाघूम होतो. विजेच्या मापांत बोलावयाचें तर एक हजार लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारें साडेसहाशें युनिट उष्णता खर्च होते. अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना तेवढी वीज कित्येक महिने पुरते.

सूर्याची उष्णता फुकट असतां ती कां वापरूं नये? ती वापरून पाहिली गेली आहे. चिली देशांत लास सालिनास येथें १८७२ सालीं कांचेच्या उतरत्या छपराखालीं खारें पाणी ठेवून, कांचेच्या आंतल्या अंगाला जमणारें दंव पन्हळींत गोळा करण्याची मोठी योजना उभारण्यांत आली, आणि सोऱ्याच्या खाणींवरील जनावरांना त्या पाण्याचा अनेक वर्षें आधार होता. परंतु एक चौरस मीटर कांचेखालीं दिवसाला चार-पांच लिटरच पाणी मिळतें. चेन्नईच्या एका कारखान्याइतकें, म्हणजे रोज १० कोटी लिटर पाणी या रीतीनें हवें असेल, तर वीस ते पंचवीस चौरस किलोमीटर जमीन कांचेनें झांकावी लागेल. सूर्य फुकट असला तरी जमीन आणि कांच फुकट नाहींत.

वाफेच्या मार्गांत खरी सुधारणा झाली ती एका साध्या विचारानें. वाफेचें पुन्हां पाणी होतांना ती आपली सगळी उष्णता परत देते. ही परत आलेली उष्णता वाऱ्यावर न सोडतां पुढचें पाणी तापविण्यास लावली तर? आगबोटींवर आणि एडनसारख्या रुक्ष बंदरांत वाफ करून पाणी मिळविण्याचीं यंत्रें एकोणिसाव्या शतकांतच आलीं होतीं. मुंबई इलाख्याच्या कारभारांत असलेल्या त्या एडनांत असें पाणी विकतहि मिळे. परंतु त्यांना कोळसा फार लागे. १९५० नंतरच्या दशकांत ग्लासगोचे अभियंते रॉबर्ट सिल्व्हर यांनीं ही उष्णता पुन्हां पुन्हां वापरण्याची पद्धति पूर्णतेस नेली. तापविलेलें समुद्रजल एका कोठडींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत असें नेतात, आणि प्रत्येक पुढच्या कोठडींत हवेचा दाब आधींच्याहून कमी ठेवतात. महाबळेश्वरास पाणी मुंबईपेक्षां कमी तपमानावर उकळतें, तोच हा न्याय. दाब उतरतांच पाण्याचा कांहीं भाग झटकन् वाफ होतो, आणि ती वाफ थंड होतांना येणाऱ्या नव्या पाण्याला ऊब देते. कुवेत शहर पूर्वीं पिण्याचें पाणी शत्त-अल-अरब नदींतून गलबतांनीं भरून आणीत असे. तें या यंत्रांवर जगूं लागलें, आणि आखाताच्या काठचीं इतर शहरेंहि त्याच्या मागोमाग गेलीं. तेथें तेल घरचें होतें. ज्या देशाला तेल विकत घ्यावें लागतें त्याला हा मार्ग झेपण्यासारखा नव्हता.

दुसरा मार्ग वाफेचा नव्हे, पडद्याचा. तो समजून घेण्यास प्रयोगशाळेंत जाण्याची गरज नाहीं. लोणच्यासाठीं कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें म्हणजे थोड्या वेळांत बरणीच्या तळाशीं पाणी सुटतें. उलट सुका बेदाणा साध्या पाण्यांत टाकला तर तो फुगतो. फोडीची किंवा बेदाण्याची त्वचा पाण्याला सहज जाऊं देते, विरघळलेल्या पदार्थाला सहसा जाऊं देत नाहीं. आणि पाण्याचा ओढा नेहमीं पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे असतो. या घटनेला परासरण म्हणतात. फ्रेंच धर्मोपदेशक नोले यानें १७४८ सालीं ती प्राण्याच्या मूत्राशयाच्या पातळ कातडीवर प्रथम पद्धतशीर पाहिली. आतां एका बाजूस समुद्राचें पाणी आणि दुसऱ्या बाजूस गोडें पाणी, मध्यें असा पडदा, अशी मांडणी केली तर गोडें पाणी आपण होऊन समुद्राकडे जाऊं लागेल. त्याला थोपविण्यास समुद्राच्या बाजूनें वातावरणाच्या सुमारें सत्तावीसपट दाब द्यावा लागतो. त्याहून अधिक दाब दिला कीं प्रवाह उलटा फिरतो: पाणी समुद्रांतून गोड्या बाजूस येतें आणि मीठ मागें राहतें. घरोघरीं ‘आर. ओ.’ या दोन अक्षरांनीं ओळखलें जाणारें यंत्र याच उलट्या प्रवाहावर चालतें. मात्र तेथें नळाचें पाणी असतें, म्हणून लहानसा पंप पुरतो. समुद्राच्या पाण्यासाठीं प्रत्यक्षांत वातावरणाच्या पंचावन्न ते सत्तरपट दाब द्यावा लागतो. सहाशें मीटर खोल समुद्राच्या तळाशीं जेवढा भार असतो, तेवढा हा दाब आहे.

असा दाब सोसूनहि पाणी भराभर सोडील असा पडदा बरींच वर्षें कोणाला साधला नव्हता. जो मीठ अडवी तो पाणीहि थेंबाथेंबानेंच सोडी. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन या दोघांनीं ही कोंडी फोडली. त्यांच्या पडद्याचा मीठ अडविणारा पापुद्रा अत्यंत पातळ होता, आणि त्याला आधार देणारा खालचा थर स्पंजासारखा सच्छिद्र होता. पापुद्रा जितका पातळ तितका पाण्याचा मार्ग आंखूड, एवढेंच तें मर्म. १९६५ सालीं कॅलिफोर्नियांतील कोअलिंगा या लहान गांवाला अशा पडद्यांतून आलेलें पाणी मिळूं लागलें. तें समुद्राचें नव्हतें, जमिनींतलें मचूळ होतें, पण वाट सांपडली होती.

पुढची बचत पंपांत झाली. आंत ढकललेल्या पाण्यापैकीं सुमारें पंचेचाळीस टक्के गोडें होऊन निघतें. उरलेलें पंचावन्न टक्के अधिक खारट होऊन, पण जवळजवळ तेवढ्याच दाबाखालीं बाहेर पडतें. पूर्वीं हा दाब फुकट जाई. आतां बाहेर जाणारें पाणी आपला दाब आंत येणाऱ्या पाण्याला देऊन जातें. रहाटाच्या दोन्ही टोकांना घागरी बांधल्या म्हणजे उतरणारी घागर चढणारीला हात देते, तशांतला हा प्रकार आहे. अशा सुधारणांनीं १९७० च्या सुमारास एक हजार लिटरांस दहा युनिटांहून कितीतरी अधिक असलेला खर्च आज तीन ते चार युनिटांवर आला आहे. तो आणखी किती उतरेल? येथें निसर्गानें खालची मर्यादा आंखून दिली आहे. निम्मे पाणी गोडें करून घ्यावयाचें असेल तर कितीहि परिपूर्ण यंत्र असलें तरी एक हजार लिटरांस सुमारें एक युनिट काम करावेंच लागतें. शिवाय समुद्राचें पाणी खेंचणें, त्यांतील शेवाळ, वाळू आणि सूक्ष्म जीव गाळून काढणें, आणि तयार झालेल्या पाण्यांत चुनखडीचा अंश पुन्हां मिसळणें, यांनाहि वीज व पैसा लागतो. हें शेवटचें काम विचित्र वाटेल. पण पडद्यांतून आलेलें पाणी इतकें निःसत्त्व असतें कीं तें तसेंच सोडल्यास नळ खातें आणि चवीलाहि बेचव लागतें. एवंच, पुढची बचत तिपटी-चौपटीची नाहीं. फार तर थोडीथोडकी आहे.

या सर्व हिशेबाचें प्रत्यक्ष रूप पाहावयाचें तर चेन्नईस जावें. त्या शहराला बारमाही नदी नाहीं. पूंडी, चोळवरम्, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम् हे तलाव आश्विन-कार्तिकांतील परतीच्या पावसावर भरतात. तो चुकला कीं शहर सुकतें. १९७६ सालीं महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तीन राज्यांनीं कृष्णेच्या आपल्या वांट्यांतून प्रत्येकीं पांच अब्ज घनफूट पाणी या शहराला देऊं केलें, आणि तें १९९६ सालीं कालव्यानें तेथें पोंचूं लागलें. म्हणजे महाबळेश्वरीं उगम पावणाऱ्या नदीवर चेन्नईची भिस्त आहे. आणि कृष्णाकांठीं अवर्षण असेल तर ती भिस्तहि लटकी पडते. २०१९ च्या उन्हाळ्यांत चारहि तलाव जवळजवळ कोरडे पडले, आणि जुलै महिन्यांत जोलारपेटहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. एका गाडींत २५ लाख लिटर येई. तीन वर्षांपूर्वीं, १९१६ च्या नव्हे तर २०१६ च्या एप्रिलांत, मिरजेहून लातुरास अशीच गाडी गेली होती, तिची आठवण महाराष्ट्रांत ताजी आहे.

परंतु त्याच उन्हाळ्यांत चेन्नईस समुद्राचें पाणीहि मिळत होतें. शहराच्या उत्तरेस मिंजूरजवळ कट्टुपल्ली येथें २०१० सालीं, आणि दक्षिणेस नेम्मेली येथें २०१३ सालीं, रोज १० कोटी लिटर पाणी देणारा प्रत्येकीं एक कारखाना सुरू झाला होता. आगगाडीच्या भाषेंत सांगावयाचें तर यांतील एकेक कारखाना रोज चाळीस गाड्या पाणी देऊं शकतो, आणि पाऊस पडो वा न पडो, त्याला समुद्राची वाण पडत नाहीं. या पाण्याचें खरें मोल येथें आहे. २०२४ सालीं नेम्मेलीस १५ कोटी लिटरांचा दुसरा कारखाना सुरू झाला. पेरूर येथें ४० कोटी लिटरांच्या कारखान्याची पायाभरणी २०२३ सालीं झाली. उलट बाजूहि लक्षांत ठेवावी. १० कोटी लिटरांमागें रोज साडेतीन-चार लाख युनिट वीज लागते, आणि ती वीज कोळशाची असली तर ज्या हवामानबदलानें पावसाची अनिश्चितता वाढते त्यालाच ती खतपाणी घालते.

शिवाय कारखाना बांधला कीं त्याचे हप्ते पावसाळी वर्षांतहि चुकत नाहींत. ऑस्ट्रेलियांत दीर्घ अवर्षणाच्या धास्तीनें मेलबर्न शहरासाठीं वोंथॅगी येथें एक प्रचंड कारखाना उभारला गेला. तो २०१२ च्या अखेरीस पुरा होतो तों पाऊस पडून धरणें भरलीं. पुढें कित्येक वर्षें शहरानें त्याचें पाणी मागविलें नाहीं, पण कराराचे पैसे मात्र दरवर्षीं मोजले. कोणी याला उधळपट्टी म्हणतील, कोणी विमा म्हणतील. आगीचा विमा उतरलेल्या माणसाला घर न जळाल्याचें दुःख होत नाहीं, हें खरें. तथापि हप्ता किती असावा याचा विचार आधीं करावयास हवा.

जें पाणी गोडें झालें नाहीं त्याचें काय होतें? मिंजूरला १० कोटी लिटरांसाठीं समुद्रांतून सुमारें २३ ते २४ कोटी लिटर उचलावे लागतात. उरलेलें, मूळच्या जवळजवळ दुप्पट खारट पाणी पुन्हां समुद्रांत सोडतात. तें जड असल्यानें तळाशीं जातें, आणि नीट पसरविलें नाहीं तर तेथेंच सांचून राहतें. तळावरच्या जीवांना तें मानवत नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक गणनेप्रमाणें अशा सर्व कारखान्यांतून रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडें पाणी निघतें, आणि त्याच्या दीडपट खारट अवशेष बाहेर पडतो. लांब नळ्यांनीं खोल व वाहत्या पाण्यांत, अनेक तोंडांनीं तो सोडला तर उपद्रव पुष्कळ कमी होतो. नेम्मेलीच्या बाजूच्या मच्छीमार वस्तींतून किनाऱ्याच्या धुपेविषयीं आणि घटलेल्या मासळीविषयीं तक्रारी उठल्या आहेत. शहराची तहान ज्यांच्या दाराशीं भागविली जाते त्यांचें म्हणणें नकाशा कागदावर असतांनाच ऐकावें, हें उचित. नळ्या टाकल्यावर ऐकण्यास फारसा अर्थ राहत नाहीं.

अरबी समुद्रांतील लक्षद्वीपाची गोष्ट अगदीं निराळी आहे. प्रवाळाच्या त्या सपाट बेटांवर नदी नाहीं कीं ओढा नाहीं. पावसाचें गोडें पाणी वाळूंत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर एखाद्या भिंगासारखें तरंगत राहतें. विहिरींतून तें अधिक उपसलें कीं खालचें खारें वर येतें. २००५ सालीं राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनें कवरत्ती बेटावर एक यंत्र उभारलें, त्यांत पडदा नाहीं आणि भट्टीहि नाहीं. वरचें समुद्रजल सुमारें २८ अंशांचें असतें. साडेतीनशें मीटर खोलीवरचें बारा-तेरा अंशांचें. हवेचा दाब वातावरणाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शापर्यंत खालीं आणला म्हणजे वरचें कोंबट पाणी आपल्याच उष्णतेनें वाफ होतें, आणि खोलांतून नळीनें आणलेलें गार पाणी त्या वाफेला थंड करतें. वीज लागते ती पंपांपुरती. रोज एक लाख लिटर पाणी या रीतीनें मिळूं लागलें. पुढें २०११ सालीं अगत्ती आणि मिनिकॉय बेटांवरहि अशीं यंत्रें आलीं. मुंबईच्या किनाऱ्याला ही युक्ति लागू पडणार नाहीं, कारण तेथें एवढी खोली गांठण्यास शेंकडो किलोमीटर समुद्रांत जावें लागेल. बेटाच्या उंबरठ्याशींच खोल समुद्र असणें, हें लक्षद्वीपाचें भाग्य.

मग मराठवाड्याला समुद्राचें पाणी मिळेल काय? लातूर समुद्रसपाटीपासून पांच-सहाशें मीटर उंच आहे. एक हजार लिटर पाणी सहाशें मीटर चढविण्यास पदार्थविज्ञानाच्या हिशेबानें १.६ युनिट काम होतें. पंपाची तूट आणि नळांतील घर्षण धरलें, मध्यें सह्याद्रीची चढण आणि शेंकडो मैलांचा नळ धरला, तर गोडें करण्याइतकाच खर्च पाणी वाहून नेण्यास येईल. त्या पाण्यावर ऊस तर राहोच, ज्वारीहि पिकविणें परवडणार नाहीं. समुद्राचें पाणी किनाऱ्याचें आणि पिण्यापुरतेंच.

मुंबईचा प्रश्न त्यामुळें जवळचा आहे. महानगरपालिकेनें मनोरी येथें रोज २० कोटी लिटरांचा, पुढें ४० कोटींपर्यंत वाढवितां येईल असा कारखाना योजिला आहे. शहराला सात तलावांतून रोज सुमारें ३९० कोटी लिटर पाणी मिळतें, आणि त्याचा मोठा भाग उतारानें आपोआप वाहत येतो. तेव्हां मनोरीचा पहिला टप्पा शहराच्या पुरवठ्याचा विसावा हिस्सा होईल, आणि त्याला रोज सहा ते आठ लाख युनिट वीज लागेल. वाटेंत गळणारें व चोरीस जाणारें पाणी या विसाव्या हिश्शाहून कितीतरी अधिक आहे, असा आक्षेप घेतात, आणि तो रास्त आहे. गळका नळ दुरुस्त करणें हें सर्वांत स्वस्त पाणी. परंतु तुलना केवळ आजच्या तलावांशीं करून भागत नाहीं. नवें धरण बांधावयाचें तर पालघर जिल्ह्यांतील जंगल आणि आदिवासी पाडे पाण्याखालीं जातात; त्या धरणाच्या पाण्याला वीज लागत नसली तरी तें फुकटचें म्हणतां येत नाहीं.

भातसा, तानसा यांसारखे मुंबईचे जलाशय ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, तेथील कितीतरी पाड्यांना दर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मनोरीस रोज २० कोटी लिटर तयार होऊं लागले, तर तेवढ्याचा एक लहानसा अंश भातसेंत या पाड्यांसाठीं राखून ठेवणें शक्य होईल. जलाशयांतून शंभर मीटर उंचीवरच्या पाड्यापर्यंत एक हजार लिटर पाणी चढविण्यास सुमारें अर्धा युनिट वीज पुरते.